आठशे तेरा नंबरचं गाणं

लूशस टॉलिव्हर यांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पूर्ण विश्वास होता. एक देव आणि दुसरा नंबर. चौतीस वर्षं डनली गावच्या पोस्टाच्या खिडकीत काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! माणसं पत्ता चुकीचा सांगतात, नावात गोंधळ घालतात, आलेलं पत्र आलंच नाही म्हणून खुशाल शपथ घेतात; पण रजिस्टर पत्राच्या पावतीवरचा नंबर कधी खोटं बोलत नाही, असं ते चारचौघांत सांगत. त्यामुळे एका साध्या सरकारी फॉर्मातल्या सातव्या रकान्याने त्यांना पाणी पाजलं, ही गोष्ट त्यांच्या फारच जिव्हारी लागली.

झालं होतं असं, की मिसिसिपीतल्या त्या जिल्ह्याच्या वारसा समितीने जुन्या गायकांच्या स्मरणार्थ लोखंडी पाट्या लावायचं ठरवलं. डनलीच्या वाट्याला एक पाटी आली. लूशस यांचे आजोबा डीकन एझ्रा टॉलिव्हर यांनी १९३० साली मेम्फिसच्या एका हॉटेलात दोन भक्तिगीतं रेकॉर्ड केली होती. घरातली ती रेकॉर्ड मोझेलआत्या लहानपणी तिच्यावर बसल्या तेव्हाच संपली. पण आता हॉलंडमधल्या कुणा हौशी माणसाने त्या मुलखातली जुनी गाणी गोळा करून एक अल्बम पुन्हा काढला होता, आणि त्यात आजोबांची दोन्ही गाणी होती. फॉर्मचे सहा रकाने लूशस यांनी मोत्यासारख्या अक्षरात भरले. सातव्यात छापलं होतं, 'सध्या मिळणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा उत्पादन क्रमांक', आणि पुढे बारा चौकोन. शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी चार.

आजोबा म्हणजे साधे आजोबा नव्हेत. चर्चमधल्या पूर्वेकडच्या रंगीत काचेच्या खिडकीवर त्यांचं नाव होतं, आणि त्याच खिडकीखाली लूशस आता डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, म्हणून बसत. रविवारी गाण्याची ओळ देणं हे त्यांचं काम. पूर्वी चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक एकच आणि वाचता येणारा माणूसही एकच, म्हणून डीकनने उभं राहून ओळ भराभर म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती घोळवून, लांबवून गायची. आता प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं, पण ओळ दिल्याशिवाय डनलीत कुणी तोंड उघडत नाही. लूशस यांच्या अंगात ही सवय इतकी मुरली होती, की जेवायला बसल्यावर ते "वाटाण्यात मीठ कमी आहे" एवढं म्हणून थांबत. अर्नेस्टीनबाई म्हणत, "अहो, मी तुमची बायको आहे, गायकवृंद नाही. मीठ समोर आहे, घ्या."

अल्बम सोमवारी आला. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला बारकोड होता खरा, पण त्याच्यावर दुकानदाराने आपली चिठ्ठी बरोब्बर आडवी चिकटवली होती. लूशस यांनी किटली चुलीवर ठेवली, वाफ धरली, पातळ सुरीने कोपरा अलगद उचलला आणि चिठ्ठी अखंड सोलून काढली. कागदाला ओरखडासुद्धा नाही. मागे वळून बघतात तो अर्नेस्टीनबाई दारात उभ्या.

"चौतीस वर्षं मी विचारतेय, पाकीट न फाडता उघडता येतं का. तर म्हणे, मला काय माहीत!"

"ऐकीव माहिती आहे," लूशस म्हणाले.

"हात बरा बसलाय ऐकीव माहितीवर!"

लूशस आकडे मोजायला लागले. आकडे भरले तेरा. पुन्हा मोजले, उजवीकडून मोजले, चष्मा पुसून मोजले. चौकोन बारा, आकडे तेरा. ते अल्बम घेऊन अंगणात आले आणि तिथे कुंपणापलीकडे हर्शेल बॅट्स उभा होताच. तो नसता तरच नवल.

हर्शेल म्हणजे निवृत्त न्हावी आणि शाळेपासूनचा सोबती. चाळीस वर्षं खुर्चीत बसलेल्या, हलू न शकणाऱ्या माणसांना सल्ले दिल्यामुळे, सल्ला नाकारता येतो हे त्याला माहीतच नव्हतं. गवत कापताना तो गायचा, तेव्हा गल्लीतली कुत्री घरात जात. गंमत अशी, की याच अल्बममध्ये हर्शेलचे आजोबा गस बॅट्स यांच्याही नावावर दोन गाणी होती. ती मात्र ब्लूज, म्हणजे दारू, बाई आणि सुटलेली आगगाडी. डनलीत त्यांना सैतानाची गाणी म्हणत. ती रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा चर्चने ठराव करून गसचं नाव सभासदांच्या वहीतून काढलं. बॅट्स मंडळी तेव्हापासून रुळांपलीकडच्या चर्चमध्ये जाऊ लागली. तो ठराव भर सभेत वाचून दाखवला होता डीकन एझ्रा टॉलिव्हर यांनी. तरीही दोन्ही घरांमधलं कुंपण कधी कमरेच्या वर गेलं नाही.

"पहिला आकडा उडव," हर्शेल म्हणाला.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"जे जास्त वाढलंय ते कापायचं. चाळीस वर्षं हाच धंदा केलाय. वाच बघू मोठ्याने."

लूशस यांनी आकडे वाचले. एक म्हणायचा आणि थांबायचं. हर्शेल प्रत्येक आकडा त्यांच्यामागून म्हणत होता आणि कानावरची पेन्सिल काढून हातावर काहीतरी लिहितही होता. शेजाऱ्याला आपली एवढी काळजी आहे हे पाहून लूशस यांना बरं वाटलं.

मंगळवारी ते गाडी काढून जिल्ह्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी बारा आकडे टिपले आणि मान हलवली.

"नंबर खोटा आहे."

"बाई, माणूस खोटा असतो. नंबर खोटा नसतो."

"शेवटचा आकडा बाकीच्यांचा हिशेब जुळवायला असतो. यांचा जुळत नाही. एखादा आकडा गाळलात का?"

लूशस यांनी मान खाली घालून तेरावा आकडा कबूल केला. "अहो, मग हा परदेशी माल!" बाई म्हणाल्या. "परदेशी मालाला गुलाबी फॉर्म. तो पलीकडच्या खिडकीवर." लूशस पलीकडच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले. बाईंनी आपली खुर्ची सरकवत तिकडे नेली, चष्मा बदलला आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं विचारलं, "काय काम आहे?"

गुलाबी फॉर्मवर तेरा चौकोन होते. लूशस यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. पण बाईंनी नंबर टाकला आणि यंत्र किंचाळलं.

"हा आधीच नोंदलाय. आज सकाळी. एच. बॅट्स, डनली. एका नंबरावर एकच अर्ज."

घरी येईपर्यंत लूशस यांचा रक्तदाब कुठे गेला होता कोण जाणे. आपणच ओळ दिली आणि हर्शेलने ती गायली, याचा त्यांना जास्त राग आला होता. हर्शेल व्हरांड्यात बर्फाचा गोड चहा पीत बसला होता.

"चोरा! मला पहिला आकडा उडवायला सांगितलंस आणि स्वतः तेराच्या तेरा?"

"माझाही अर्ज आधी परत आला रे! मग त्या बाईंनी गुलाबी फॉर्म दिला. तुला सांगायलाच येत होतो."

"कधी?"

"चहा संपला की."

कचेरीतल्या बाईंनी एक वाट मात्र दाखवली होती. अल्बम एकच असला तरी ज्या गाण्यासाठी पाटी हवी त्या गाण्याचा स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला नंबर आणला, तर समिती दोन अर्जांचा विचार करील. आता गाण्याला नंबर कुठून आणायचा? लूशस यांनी बुधवारी सकाळी थेट हॉलंडला, अल्बम काढणाऱ्या हेंड्रिक नावाच्या गृहस्थांना फोन लावला.

"कुठला नंबर पाहिजे?" हेंड्रिक आनंदाने म्हणाले. "पाच आहेत. पुठ्ठ्याच्या कडेवरचा, मागचा बारकोड, नव्या तबकडीवर कोरलेला, जुन्या रेकॉर्डच्या लेबलावरचा आणि मेणाचा."

"मेणाचा?"

"तेव्हा गाणं मेणाच्या जाड तबकडीवर कापत. एक गाणं झालं की तबकडी उचलायची, नंबर घालायचा, दुसरी ठेवायची. पुढच्या गाण्याला पुढचा नंबर. एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणाला नाही."

हे ऐकून लूशस यांना त्या माणसाविषयी एकदम जिव्हाळा वाटला. "आपण पोस्टात होता का?" त्यांनी विचारलं. हेंड्रिक म्हणाले, "नाही, दातांचा डॉक्टर होतो. सगळे नंबर आतल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आहेत."

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तक्ता होता. एझ्रा टॉलिव्हर, दोन भक्तिगीतं, मेणाचे नंबर आठशे अकरा आणि आठशे बारा. काम फत्ते! लूशस यांनी नंबर उतरवून घेतला, पेनाला टोपण लावलं, आणि सहज नजर खाली गेली. गस बॅट्स, दोन ब्लूज, आठशे तेरा आणि आठशे चौदा.

दुसरा कुणी असता तर पुस्तिका मिटून जेवायला गेला असता. पण लूशस पोस्टातले. रजिस्टर पत्रांच्या पावत्या लागोपाठच्या निघाल्या, तर त्याचा अर्थ त्यांना पाठ होता: माणूस खिडकीवरून हललेला नाही. त्याने एक पत्र दिलं, खिशात हात घातला आणि दुसरं काढलं. गस आजोबा मेम्फिसला एझ्रा आजोबांबरोबर गेले होते, असं दोन्हींपैकी कुठल्याही घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. मग अकरा, बारा झाल्यावर तेरा नंबरला तिथे उभं होतं कोण?

टॉलिव्हरांच्या घरात गसच्या गाण्यांच्या बाजूवर एरवी सुई कधीच ठेवली गेली नसती. लूशस यांनी ती ठेवली, तीही भर दुपारी, खिडक्या उघड्या असताना. आधी नुसती खरखर. मग गिटार. मग एक आवाज, जो गायच्या आधी भराभर, सपाट सुरात म्हणाला, "पहाटेची गाडी गेली, माझी राणी घेऊन गेली." क्षणभर थांबला. आणि मग तीच ओळ त्याने घोळवून, लांबवून गायली. पुढची ओळही तशीच, आधी म्हणून, मग गाऊन. पुस्तिकेत हेंड्रिक यांनी लिहिलं होतं की ही गस बॅट्सची खास शैली असून ती आणखी कुठेही आढळत नाही.

अर्नेस्टीनबाई वाटाणे सोलता सोलता थांबल्या. "हा तर ओळ देतोय! सैतानाच्या गाण्याला ओळ कोण देतं?"

लूशस यांनी सुई उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवली.

"अहो, वाटाण्यात मीठ कमी आहे म्हणताना तुम्ही असेच थांबता," त्या हळूच म्हणाल्या.

मोझेलआत्या चौऱ्याण्णव वर्षांच्या. एझ्रा आजोबांच्या त्या एकट्या हयात लेक. वृद्धाश्रमात त्यांना तळलेलं बंद होतं, म्हणून लूशस कोंबडीचे दोन तळलेले तुकडे रुमालात गुंडाळून घेऊन गेले. आत्याने पहिला तुकडा संपेपर्यंत काही ऐकून घेतलं नाही.

"कळलं म्हणायचं एकदाचं," बोटं चाटत त्या म्हणाल्या. "पप्पांनी देवाची गाणी म्हटली तर कंपनीचा माणूस म्हणाला, छान, पण ही खपत नाहीत, दुसरं काही येतं का? पप्पांना तर सगळंच येत होतं. पण डीकन ना! नाव काय सांगू म्हणून घाबरले, आणि तोंडात शेजाऱ्याचं आलं."

"आणि मग स्वतःच ठराव वाचला?"

"त्या दिवशी जेवले नाहीत. पुढेही, डुक्कर कापायचा दिवस आला की सगळ्यांत मोठा हॅम, अख्खी मांडी, गसच्या घरी जायचा. दरवर्षी, मरेपर्यंत. मम्मी रडायची, आपल्याला मान उरायची नुसती. लोक म्हणायचे, बघा, एझ्राचं मन किती मोठं."

"आत्या, तू कधी बोलली नाहीस!"

"मेल्या, कुणी विचारलं कधी? मला इथे सगळे फक्त जेवलात का विचारतात."

गुरुवारी लूशस चर्चमध्ये जाऊन खिडकीखाली बसले. त्यांना आजोबांचा राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. लहानपणी या काचेतला निळा उजेड अंगावर पडला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. आता तोच उजेड हातावर पडला होता आणि हात मागे घ्यावासा वाटत होता. गप्प बसलं तर कुणाला काय कळणार होतं? आठशे अकरा नंबर खरा होता. फॉर्म खरा होता. पाटी लागली असती. फक्त कुंपणापलीकडे एक माणूस, स्वतःच्या आजोबांनी न केलेल्या गुन्ह्यासाठी, अजून रूळ ओलांडून दुसऱ्या चर्चमध्ये जात राहिला असता.

शुक्रवारी दुपारी, कचेरीकडे निघायच्या वेळेला, लूशस गावातल्या खाटकाकडून सगळ्यांत मोठा हॅम घेऊन आले आणि तो दोन्ही हातांत धरून हर्शेलच्या पायऱ्या चढले. काय बोलायचं ते त्यांनी सात वेळा पाठ केलं होतं. हर्शेलने हॅम पाहिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस. आला म्हणायचा टॉलिव्हर."

"म्हणजे?"

"आजोबा सांगून गेलेत. म्हणाले, एक ना एक दिवस त्यांच्यातला कुणीतरी हॅम घेऊन येईल आणि हॅमबरोबर तोंडही उघडेल. आला की आधी बसव."

लूशस पाठ केलेलं सगळं भाषण विसरले. "तुला माहीत होतं?"

"लूशस, आमच्या सात पिढ्यांत कुणाला सूर सापडलाय का? मला गाताना ऐकलंयस ना तू?"

"कुत्र्यांनीही ऐकलंय."

"मग! आजोबांनी जन्मात गिटारला हात लावला नव्हता."

"मग बोलले का नाहीत रे? नाव काढलं त्यांचं वहीतून!"

"आधी चिडले. तुमच्या दारापर्यंत कुऱ्हाड घेऊन गेले होते म्हणे. पण तेवढ्यात पलीकडच्या जिल्ह्यातून दोन बाया त्यांना बघायला आल्या, गाडी करून. मग कुणी जेवायला बोलवायला लागलं, कुणी टोपी काढायला लागलं. गाता न येणाऱ्या माणसाला गाण्यासाठी चर्चमधून काढलं, याहून मोठा मान कोणता, म्हणायचे. आणि हॅम चांगला असायचा." हर्शेलने चहाचा पेला खाली ठेवला. "आजी मात्र शेवटपर्यंत रडली. तिचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलं होतं. आपल्याला तिथल्याच आवारात पुरावं अशी तिची इच्छा होती, पण तुम्ही जागा दिली नाहीत."

लूशस यांनी हॅम हर्शेलच्या पुढ्यात ठेवला.

"पाटी गसच्या नावाची लागू दे," लूशस शेवटी म्हणाले. "मी अर्ज देत नाही."

"लागणारच आहे. गाणं तुमच्या घरचं, शिक्षा आमच्या घरची. शिक्षेचीही पाटी हवी की नको? पण मला पाटीचं कौतुक नाही. मला ते नाव वहीत परत हवंय. ज्या खिडकीखाली काढलं, त्याच खिडकीखाली."

चार वाजून गेले होते. कचेरी बंद झाली असणार, आणि लूशस यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. मोझेलआत्यांना चाकाच्या खुर्चीतून आणून पुढे बसवलं होतं. शेवटच्या बाकावर बॅट्स मंडळी ओळीने, नवे कपडे घालून, परक्याच्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसली होती. रेव्हरंडांनी खूण केली आणि लूशस उभे राहिले. चार वाक्यं बोलायची, ती कागदावर होती, पण अक्षरं दिसत नव्हती. मग त्यांना जी एकच रीत येत होती, त्या रीतीने ते बोलले. भराभर, सपाट सुरात, एक ओळ.

"माझे आजोबा एझ्रा यांनी सैतानाचं गाणं गायलं."

आणि सवयीने थांबले.

पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीने डोळे मिटले आणि ती ओळ उचलली. मग तिच्या शेजारणीने. बघता बघता सगळं चर्च ती ओळ घोळवून, लांबवून गाऊ लागलं. काय गातोय हे पुरतं कळायच्या आतच ती गाऊन झाली होती. रेव्हरंडांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. ओळ दिल्यावर चर्च कधी थांबलंय का?

"आणि शेजाऱ्याचं नाव सांगितलं," लूशस म्हणाले.

चर्चने शेजाऱ्याचं नाव सांगितलं. निळ्या काचेपर्यंत आवाज चढला.

"ठराव वाचताना त्यांना ठाऊक होतं."

ही ओळ चर्चने सावकाश गायली. दोघी-तिघी पुसत होत्या डोळे. लूशस यांचाही आवाज फाटला होता, पण आता थांबता येणार नव्हतं.

"गस बॅट्सने कधी गाणंच गायलं नव्हतं."

आता मात्र शेवटच्या बाकावरून हर्शेलला राहवेना. तो उभा राहिला, छाती भरून घेतली आणि सगळ्यांच्या वर, सुरापासून चार हात लांब, जीव ओतून ती ओळ गायला लागला. एकेक डोकं मागे वळलं. मेणाचा नंबर, तक्ता, पुस्तिका, यांतलं काहीही कुणाला दाखवायची गरज उरली नाही.

मोझेलआत्यांनी काठी जमिनीवर आपटली. "पटलं! नाव घाला वहीत," त्या म्हणाल्या, "आणि त्याला गप्प करा!"

लूशस यांनी त्याला गप्प केलं नाही. त्यांनी पुढची ओळ दिली.